सातवर नाव, बारावर निरंक

सरकारी रुग्णालयाच्या एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांच्या केंद्रातून, मिळणारी बाटली प्लॅस्टिकची असते. आत तीस गोळ्या, म्हणजे महिन्याची बेगमी. पिशवीत टाकली की ती खुळखुळते. म्हणून कुणी तिच्यात कापसाचा बोळा कोंबतो, कुणी जिन्यातच लेबल सोलून काढतो, कुणी घरी गेल्यावर गोळ्या दुसऱ्याच डबीत ओततो. गोळी रोज घ्यायची, पण घेतोय हे कळू द्यायचं नाही, अशी ही दुहेरी कसरत.

रोजच का घ्यायची? आणि जन्मभर का? याचं उत्तर एचआयव्हीच्या स्वभावात आहे. आपल्या प्रतिकारशक्तीचे मुकादम म्हणजे सीडी-फोर पेशी. इतर पेशींना कामाला लावणाऱ्या या मुकादमांनाच विषाणू गाठतो. आत शिरल्यावर तो आपला आरएनए डीएनएच्या लिपीत उतरवून घेतो आणि तो मजकूर थेट पेशीच्या डीएनएत घुसवतो. परक्यानं सातबाऱ्यावर आपलं नाव चढवावं तसं. मग पेशी विषाणूच्याच नकला काढत बसते आणि शेवटी मरते. काही पेशी मात्र ही नोंद पोटात घेऊन वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. औषधाला त्या सापडत नाहीत. गोळी थांबली की बहुधा काही आठवड्यांतच विषाणू तिथून पुन्हा डोकं वर काढतो.

शिवाय हा नक्कलनवीस धांदरट आहे. उतरवताना चुका करतो आणि त्या तपासत नाही. त्यामुळे एकाच शरीरात विषाणूची असंख्य रूपं तयार होतात. एकच औषध दिलं तर त्यातलं एखादं रूप त्याला पुरून उरतं. म्हणून एका गोळीत तीन औषधं असतात. टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन ही नक्कल करताना खोटी अक्षरं पुढे सरकवतात, की लिखाण तिथेच अडतं. डोल्युटेग्राविर फेरफाराची नोंदच होऊ देत नाही. गोळ्या वारंवार चुकल्या तर रक्तातलं औषध कमी पडतं आणि चिवट रूपांना रान मोकळं मिळतं.

उपचार नसतील तर सीडी-फोर पेशी घटत जातात. निरोगी माणसाच्या रक्तात दर घन मिलिमीटरला त्या साधारण 500 ते 1500 असतात. 200च्या खाली गेल्या, किंवा काही ठरावीक गंभीर आजार जडले, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. तिथवर पोहोचायला बहुधा आठ-दहा वर्षं लागतात. आपल्याकडे या वाटेवरचा सर्वांत मोठा मारेकरी क्षयरोग.

विषाणूचे रस्ते मोजके आहेत: असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त किंवा सुई, आणि गरोदरपणात, बाळंतपणात वा स्तनपानातून आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं तो लागत नाही. डासाच्या पोटात तो वाढत नाही, पचून जातो. निरोध, प्रत्येकाला नवी सुई, तपासलेलं रक्त आणि आईवर वेळेत उपचार एवढ्यानं हे रस्ते अडवता येतात. धोका घडून गेलाच असेल तर 72 तासांच्या आत औषध सुरू करून ते 28 दिवस घेतल्यास संसर्ग टाळता येतो.

पण सर्वांत मोठी बातमी 2011 साली आली आणि तिच्यात पुण्याचाही वाटा होता. नऊ देशांतल्या 1763 जोडप्यांचा अभ्यास चालू होता. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही होता, दुसऱ्याला नव्हता. भारतात पुणे आणि चेन्नई इथे हे काम झालं. निम्म्यांना उपचार लगेच दिले, उरलेल्यांना तेव्हाच्या नियमानुसार उशिरा. जोडीदाराकडूनच आल्याचं सिद्ध झालेले संसर्ग निघाले 28. त्यांतले 27 उशिरा उपचार मिळालेल्या गटात, लगेच उपचार मिळालेल्यांत फक्त एक! औषधच प्रतिबंध ठरलं होतं. पुढच्या अभ्यासांनी चित्र आणखी स्पष्ट केलं: गोळी नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही. इतर गुप्तरोग टाळायला निरोध हवाच.

ही गोळी आवाक्यात आणण्यातही मुंबईचा हात आहे. वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर लागणारे उपचार 2001मध्ये तिथल्या सिप्ला या औषध कंपनीनं दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केले. 2004पासून सरकारी केंद्रांत ही औषधं मोफत मिळू लागली. 2017पासून तर सीडी-फोर कितीही असोत, निदान होताच उपचार सुरू होतात.

शेतकऱ्याला सातबारा समजावून सांगावा लागत नाही. सातवर मालकाचं नाव, बारावर पिकाची नोंद. रोजची गोळी नेमकं हेच करते: विषाणूचं नाव सातवर राहतं, पण बारावर पीक निरंक. ते नाव कायमचं खोडणारी, सर्वांना देता येईल अशी युक्ती अजून सापडलेली नाही.

कापसाचा बोळा मात्र विषाणूसाठी नसतो, तो शेजाऱ्यासाठी असतो. 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं नोकरी, शिक्षण, उपचार यांतला भेदभाव बेकायदा ठरवला आणि गोपनीयतेचा हक्क दिला. तरीही पाहुणे आले म्हणून, लग्नघरी डबी काढता आली नाही म्हणून गोळी चुकते. अशा रात्री साठत गेल्या की बारावर पुन्हा पेरणीला वाव मिळतो, आणि तो आपण दिलेला असतो.