गादीचे वारस आणि मंत्राचे वारस

एखादे महाराज समाधिस्थ झाले की षोडशी आटोपायच्या आत दोन प्रश्न उभे राहतात. कोठीच्या किल्ल्या कुणाकडे राहणार, आणि उद्या कुणी अनुग्रह मागायला आला तर त्याला मंत्र कोण देणार? पहिला प्रश्न मोठ्याने विचारला जातो, दुसरा दबक्या आवाजात. संपादकांनी मला ‘गुरूंच्या पश्चात’ या विषयाचा आढावा मागितला, तेव्हाच मी त्यांना सांगितले होते की माझा लेख या दोन प्रश्नांच्या फटीतूनच चालेल. गेली कित्येक वर्षे मी हेच म्हणत आलो आहे: मंत्राचा अधिकार आणि संस्थानाची वहिवाट ज्यांनी वेगळी ठेवली त्यांची परंपरा वाहती राहिली, ज्यांनी दोन्ही एकाच उपरण्याच्या गाठीत बांधली ते कोर्टाच्या पायऱ्या चढले. ‘तुमचे तेच ते’ असे म्हणणारे मित्र पुष्कळ आहेत. त्यांनी पुढच्या पानावरची पाककृती वाचावी.

महानुभावांपासून सुरुवात करायची रीत आहे, म्हणून करतो. चक्रधरस्वामींच्या पश्चात नागदेवाचार्यांनी पंथ सांभाळला, त्यांच्यानंतर बाइदेवबास आले, मग कवीश्वरबास आले. पुढे आम्नाय फुटले, तेरा झाले, त्यातले बरेच विरले. नागदेवाचार्य होते तोवर सगळ्यांना धाक होता, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. दत्तसंप्रदायात नृसिंहसरस्वतींनी वारस नेमण्याऐवजी पादुका ठेवल्या. औदुंबरला, वाडीला, गाणगापूरला पुजाऱ्यांच्या घराण्यांकडे वहिवाट राहिली आणि मंत्र ज्याला जिथे मिळेल तिथून त्याने घ्यावा असे झाले. शिर्डीत मंत्र देण्याची पद्धतच नव्हती. त्यामुळे १९१८च्या दसऱ्यानंतर जो काही वाद झाला तो व्यवस्थेचाच, आणि तो १९२२ साली न्यायालयाने घडी घालून मिटवला. शेगावी तर गजानन महाराज असतानाच विश्वस्त नेमले गेले होते. हे सगळे आपल्या वाचकांना तोंडपाठ आहे.

आता माझ्या आवडीच्या जागी येतो.

शके १५७१च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे १६५० साली, तुकोबा गेले. देहूत मागे भाऊ कान्होबा होते, पत्नी जिजाऊ होत्या आणि त्यांच्या पोटात नारायण होता. हा नारायण पुढे मोठा कर्तबगार निघाला. त्याने पादुका पालखीत घालून वारीला नेण्याची प्रथा घातली आणि देहूचे संस्थान उभे केले. घराण्याने ते सांभाळले, आजही सांभाळते आहे. पण तुकोबांचा अनुग्रह कुठे गेला? तो गेला पारनेर तालुक्यातल्या पिंपळनेरला, निळोबा नावाच्या एका कुलकर्ण्याकडे. त्याने तुकोबांना देहात पाहिलेले नव्हते. दर्शनासाठी तो झुरला, तुकोबा त्याच्यापुढे प्रगट झाले आणि त्यांनी त्याला उपदेश केला, असे परंपरा सांगते. निळोबांकडून तो वारसा शंकरस्वामी शिऊरकरांकडे आणि तिथून मल्लाप्पा वासकरांकडे आला. वासकरांचा फड आज पंढरपुरात उभा आहे. म्हणजे देहूची वहिवाट रक्ताच्या नात्याने चालली, मंत्र मात्र ध्यासाच्या नात्याने चालला. दोन्हीकडून एकमेकांवर फिर्याद झाल्याचे मी तरी कुठे वाचलेले नाही.

यावर आमचे काही चिकित्सक मित्र हसतात. ‘असा दृष्टांतातला, स्वप्नातला गुरू ही नंतर जोडलेली गोष्ट, परंपरेची साखळी तुटली होती, ती स्वप्नाच्या कडीने सांधली,’ असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूचे शास्त्री म्हणतात, जिवंत गुरूच्या मुखातून आला नाही तो मंत्रच नव्हे. गंमत अशी की दोघेही एकाच गोष्टीकडे डोळेझाक करतात. तुकोबांना स्वतःलाच बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नात झाला आणि तो त्यांनी लपवला नाही. बहिणाबाई कोल्हापुरात होत्या, तुकोबा देहूत हयात होते, तरी तिलाही अनुग्रह स्वप्नातच झाला. नंतर ती देहूला आली आणि तिथल्या मंबाजीने केलेला छळ सोसून राहिली. तिने आपल्या अभंगांत आदिनाथापासून ज्ञानदेवांमार्गे बाबाजी चैतन्य आणि तुकोबांपर्यंतची साखळी सांगितली आहे. तेव्हा स्वप्न हे या परंपरेचे ठिगळ म्हणता येणार नाही, तो तिचा वहिवाटीचा रस्ता आहे. ज्यांना तो मान्य नाही त्यांनी वारकरी परंपरेतून तुकोबांनाच वजा करून दाखवावे.

समर्थांकडे मात्र गोष्ट अशी सरळ नाही, आणि म्हणूनच तिच्यात मला अधिक रस.

शके १६०३च्या माघ वद्य नवमीला, १६८२च्या आरंभी, सज्जनगडावर समर्थांनी देह ठेवला. जाण्यापूर्वी व्यवस्था सांगितलेली होती. चाफळचा कारभार दिवाकर गोसावी पाहत होते. पण वर्ष उलटायच्या आत उद्धव गोसाव्यांशी तंटा लागला. उद्धव टाकळीचे, समर्थांचे पहिल्या फळीतले शिष्य. त्यांना आपला हक्क वाटणे मनुष्यस्वभावाला धरूनच होते. प्रकरण रायगडापर्यंत गेले. संभाजी महाराजांनी १६८२ सालच्या पत्रात आपल्या अधिकाऱ्याला कळवले की समर्थांनी जशी आज्ञा करून ठेवली आहे तसेच चालावे. मला हे पत्र फार मोलाचे वाटते. पण राजा निवाडा देतो आहे तो द्रव्यपात्र, वस्त्रे, उत्सव यांचा. मंत्र कुणी द्यावा यावर एक अक्षर नाही. तो राजाचा विषयच नव्हता, हे राजाला कळत होते.

कल्याणस्वामी या भांडणात कुठेच नाहीत. ज्यांच्या हातून दासबोध लिहून झाला, ते शांतपणे परंड्याकडे डोमगावला राहिले आणि तिथूनच त्यांची शाखा वाढली. गादी मागितली नाही म्हणून त्यांच्या अधिकारात तसूभर उणे आले नाही.

आता अक्काबाई. माझ्या लेखात ती येणार हे ज्यांनी माझे पूर्वीचे लेख वाचले आहेत त्यांना ठाऊकच आहे. एक बालविधवा समर्थांच्या परिवारात येते आणि त्यांच्या पश्चात गडावरचा संसार वर्षानुवर्षे चालवते: रोजची पूजा, भंडाऱ्याचे धान्य, आलेगेले रामदासी, पावसाळ्यातले गळके छप्पर. सन १७०० मध्ये औरंगजेबाच्या फौजेने आधी सातारा घेतला, मग सज्जनगडाला वेढा घातला. गड जाणार हे दिसू लागल्यावर देव वाचवले ते अक्काने. मूर्ती घेऊन ती वासोट्याला गेली. त्या काळातला तो रस्ता ज्याने कोयनेच्या रानात पायी तुडवून पाहिला असेल त्याला तिच्या छातीची कल्पना येईल. हल्लीसारखी बामणोलीहून लाँच नव्हती. गड मराठ्यांकडे परत आल्यावर देव परत आले, अक्का परत आली. मग समर्थांच्या थोरल्या बंधूंचे नातू गंगाधरस्वामी यांच्याकडे अधिकार गेला आणि संस्थान घराण्यात स्थिरावले. अधिकारी स्वामींच्या यादीत अक्काचे नाव नसते. मधली ही पंचवीस-तीस वर्षे यादी करणाऱ्यांनी जणू हवेत काढली. गडावर तिचे वृंदावन आहे. वर जाल तेव्हा समाधीचे दर्शन झाल्यावर तिकडेही चार पावले वळा.

आणि कुणी म्हणेल, ती कारभारीण होती, मंत्राचा अधिकार तिचा कुठे? तर मग मिरजेला चला. वेणाबाईंना समर्थांनी उभे राहून कीर्तन करण्याची आज्ञा दिली, मिरजेचा मठ दिला. वेणाबाईंच्या परंपरेत बाइयाबाई आणि बाइयाबाईंचे शिष्य गिरिधरस्वामी, ‘समर्थप्रताप’ लिहिणारे. समर्थचरित्राचे एक मुख्य साधन ज्या माणसाने आपल्याला दिले त्याने उपदेश घेतला तो एका बाईकडून. सतराव्या-अठराव्या शतकातली ही गोष्ट. आज ‘बायकांना दीक्षा देण्याचा अधिकार शास्त्रात नाही’ असे ठणकावणारे एक विद्वान मला एका व्याख्यानमालेत भेटले होते. त्यांना मी गिरिधरांचे नाव सांगितले. त्यांनी घड्याळात पाहिले.

पुढची दीडशे वर्षे मी उडवतो. त्यात सनदा आहेत, इनामे आहेत, दत्तके आहेत आणि दत्तकांची भांडणे आहेत. इनाम कमिशनची दप्तरे ज्यांना चिवडायची असतील त्यांनी चिवडावी.

विसाव्या शतकात गोंदवल्याने मोठे शहाणपण दाखवले. ब्रह्मचैतन्य महाराजांनी २२ डिसेंबर १९१३ला देह ठेवला. संस्थानासाठी पंच नेमलेले होते आणि अनुग्रह देण्याची परवानगी अनेकांना वेगवेगळी दिलेली होती: कर्नाटकात ब्रह्मानंद, जालन्याला रामानंद. रामानंदांकडून ती साखरखेर्ड्याच्या प्रल्हादमहाराजांपर्यंत आली. तात्यासाहेब केतकरांच्या मुखातून महाराज बोलतात अशी श्रद्धा असलेला एक मोठा वर्ग होता. बेलसऱ्यांसारखा तत्त्वज्ञानाचा माणूस त्या बैठकीत बसत असे. तुमचा-माझा त्यावर विश्वास असो वा नसो, एक पाहा. त्या वाणीमुळे गोंदवल्याच्या जमिनीचा सातबारा बदलला नाही.

इंचगिरीचीही तीच तऱ्हा. उमदीचे भाऊसाहेब महाराज १९१४ला गेले. त्यांच्या शिष्यांपैकी अंबुराव महाराजांनी मठ सांभाळला, सिद्धरामेश्वर महाराजांनी मुंबईपर्यंत फिरून उपदेश केला, तर फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान शिकवणारे रा. द. रानडे निंबाळला जाऊन बसले. सिद्धरामेश्वर १९३६ला गेले, त्यांचा मंत्र खेतवाडीतल्या एका विड्यांच्या दुकानदाराकडेही आला आणि कणेरीच्या काडसिद्धेश्वर मठाच्या अधिपतींकडेही. काडसिद्धेश्वर महाराजांचा पट्टाधिकार त्यांच्या मठाच्या जुन्या परंपरेचा, पण अनुग्रह सिद्धरामेश्वरांचा. मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांकडे तर गादीही नव्हती, माळा होता. त्या माळ्यावर परदेशी माणसे जिना चढून येत.

दोन्ही सत्ता एका माणसाच्या ठायी आल्या की काय होते ते पाहायला लांब जावे लागत नाही. गणेशपुरीला मुक्तानंदांनी १९८२ साली दोन भावंडांना एकत्र वारस केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गेले आणि तीन वर्षांत जोडी फुटली. प्रभुपाद १९७७ला वृंदावनात गेले. त्याआधी दीक्षेसाठी नेमलेले अकरा जण हे त्यांच्या वतीने दीक्षा देणारे होते की स्वतः गुरू झाले, यावर इस्कॉनमध्ये अजून एकमत नाही. ज्योतिर्मठाचे तर नाव काढू नये: १९५३ला ब्रह्मानंद सरस्वती गेले, मृत्युपत्र निघाले, दावे लागले, आणि २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाला दोन्ही दावेदारांना बाजूला सारून नव्याने निवड करा असे सांगावे लागले. शंकराचार्य कोण हे ठरवायला वकील लागतात, याची आता कुणाला लाजही वाटत नाही.

मोडी वाचता येते म्हणून मलाही एकदा अशा भांडणात ओढले होते. मठाचे नाव सांगत नाही. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात एका गटाने चेंज रिपोर्ट दाखल केलेला, दुसऱ्याने हरकत घेतलेली. दोन्ही गटांचा भरवसा एकाच जुन्या कागदावर. मी तो वाचून दाखवला: तांब्याची घंगाळे, समया, दोन गाई, विहीर, आमराईचा हिस्सा, उत्सवाला लागणारा गूळ. शेवटी साक्षीदारांच्या निशाण्या. दोन्ही बाजूंचे लोक माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ‘अनुग्रहाचा अधिकार कुठे लिहिलाय?’ एकाने विचारले. कुठेच लिहिला नव्हता. बाहेर व्हरांड्यात एक म्हातारे रामदासी बसले होते. दोन्ही गटांतले निम्मे लोक त्यांच्याकडूनच तेरा अक्षरांचा मंत्र घेतलेले. त्यांना कुणी पक्षकार केले नव्हते.

हल्ली मंत्र आणि वहिवाट यांतले ते अंतरही उरलेले नाही. महाराजांचे दिवस चालू असतानाच चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर वारसाचा फोटो, खाली आमदारांच्या शुभेच्छा. अनुग्रह मांडवात, हजारोंना, ध्वनिक्षेपकावरून. उपदेश घेणाऱ्याचे तोंड देणाऱ्याने पाहिलेले नसते. न्यासपत्रात आता वकील ‘दीक्षाधिकार’ असे एक कलम घालून देतात, बँकेच्या खात्यासारखा वारस नोंदवलेला. ज्यांच्याकडे मागणाराच येत नाही त्यांच्या नावावर हा अधिकार असतो आणि ज्यांच्याकडे लोक येतात ते मठाबाहेर. माझ्या मते हे कलम न्यासपत्रात असूच नये. विश्वस्तांनी घंगाळे मोजावीत, ती तरी नीट मोजावीत.

एक विनंती करून थांबतो. रामदासी मठांचे कागद शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगाव हिंडून धुळ्याला आणले, म्हणून वेणाबाई, अक्काबाई, बाइयाबाई आपल्याला ठाऊक आहेत. त्यांच्या हातून सुटलेले पुष्कळ अजून घरांतून पडून आहे. आपल्या माळ्यावर मठाची जुनी वही, शिष्यांची यादी, एखादे मोडीतले पत्र असेल तर यंदाच्या दिवाळीच्या आवराआवरीत ते रद्दीवाल्याला देऊ नका. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात पोचवा. मूळ कागद सोडवत नसेल तर त्याची स्वच्छ प्रत तरी पाठवा.