आवडत्या गाण्याचा अंमल
बेळगावच्या उद्यमबागेत, जेथे फाउंड्रीतील तप्त लोखंड आणि लेथची अखंड घरघर यांच्या सान्निध्यात कामगाराचा दिवस सरतो, तेथेही एखादे आवडते गीत कानी पडताच त्याची मुद्रा पालटते, हे विलक्षण असले तरी अकारण नव्हे; कारण तारुण्यात ऐकलेले सूर त्या वयातील प्रसंगांसह स्मृतीच्या दप्तरी दाखल होतात आणि सुराबरोबर तो काळही हजर होतो. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेले, माडगूळकर-फडके यांचे ५६ गीतांचे ‘गीतरामायण’ ज्यांनी बालपणी ऐकले, त्यांना त्यात रामकथेइतकेच स्वतःचे घरही ऐकू येते. बेळगावनजीकच्या सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले; तरी त्यांच्याच मुलुखात एखादी सामान्य, बाजारी चालही, समीक्षकांची क्षमा मागून सांगतो, डोळ्यांत तितकेच पाणी आणते.