कमी विजेवरचे फायबर: एक मागोवा

घरापर्यंत येणाऱ्या फायबरच्या जाळ्यात वीज फक्त दोन टोकांना लागते. एक्स्चेंजमधले उपकरण म्हणजे ओएलटी, ग्राहकाकडचे म्हणजे ओएनटी. मधला स्प्लिटर विजेशिवाय प्रकाशाचे ३२ किंवा ६४ वाटे करतो. २००३ पासून आकाराला आलेल्या जीपॉन मानकात एक्स्चेंज ते घर हा पल्ला सुमारे २० किलोमीटरचा आहे. तांब्याच्या तारेवर एवढ्या अंतरात वेगवान इंटरनेट द्यायचे तर वाटेत वीज खाणारी कॅबिनेटे उभारावी लागत. ती गेली, हीच आजवरची सर्वांत मोलाची बचत.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केलेल्या, पुढे ‘भारतनेट’ झालेल्या योजनेने हेच तंत्र निवडले: तालुक्याला ओएलटी, ग्रामपंचायतीत ओएनटी. सिंधुदुर्गातले कुडाळ आणि शेजारचे पिंगुळी यांच्यातले अंतर या पल्ल्यात सहज बसते. ग्रामपंचायतींसाठी सौरऊर्जेवर चालणारी ओएनटीही सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेने तयार केली.

विजेचा खरा प्रश्न उरला तो ओएनटीचाच. ओएलटीची वीज अनेक घरांत वाटली जाते. ओएनटी मात्र घरटी एक, आणि चोवीस तास चालू. शिवाय जीपॉनमध्ये सगळ्या घरांचा डेटा प्रत्येक घरी पोहोचतो. सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिटचा तो प्रवाह ओएनटी सतत वाचते, आपल्यापुरते ठेवते आणि बाकीचे टाकून देते. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने यावरचे उपाय एकत्र मांडले. त्यातल्या दोन अवस्था म्हणजे डुलकी आणि झोप. डुलकीत फक्त प्रक्षेपक बंद राहतो. झोपेत ग्राहीही बंद होतो आणि ओएनटी ठरावीक वेळाने जागी होते. झोपेत बचत जास्त, पण जागे होण्यातला विलंब फोनच्या सेवेला जाचतो. २०१० च्या एक्सजी-पॉन या पुढच्या मानकात या दोन्ही अवस्था आल्या. ‘ग्रीनटच’ या संशोधक-संघाने २०१२ मध्ये मुळावरच घाव घातला: बिटांची गुंफण अशी केली की प्रत्येक ओएनटीने फक्त आपलेच बिट उचलावेत. कल्पना देखणी होती, पण बाजारात ती जीपॉनची जागा घेऊ शकली नाही.

कोकणात वॉटचा हिशेब बिलापेक्षा बॅटरीशी जास्त जोडलेला आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले, खांब आडवे झाले आणि गावोगावी लाईट गेली. अशा वेळी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी १० वॉटच्या ओएनटीला कागदावर आठ तास पुरते, तर ५ वॉटच्या ओएनटीला सोळा. म्हणूनच वीज जाताच टीव्ही व इतर पोर्ट बंद करून फोन तेवढा चालू ठेवण्याची मानकातली सोय इथे सर्वांत कामाची आहे.