कापसाचा ओलावा नेमका जातो कसा?

परभणी, सेलू, मानवत, जिंतूर... वेचणी सुरू झाली की आपल्याकडे एकच आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, तो म्हणजे ओलावा. सीसीआयच्या केंद्रावर 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो. त्यापुढे दर एक टक्क्याला एक टक्का भाव कापतात आणि 12 च्या वर कापूस घेतच नाहीत. 2025-26 मध्ये लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. म्हणजे 12 टक्क्यांवर कपात झाली सुमारे 324 रुपये.

हा ओलावा असतो कुठे? थोडं पाणी धाग्यांच्या मधल्या फटींत मोकळं असतं. बाकीचं धाग्याच्या भिंतीत, सेल्युलोजला धरून बसलेलं असतं. गरम हवा लागली की मोकळं पाणी भराभर उडतं. मग वेग मंदावतो, कारण आतलं पाणी सुटून पृष्ठभागावर यायला वेळ लागतो. सरकी तर त्याहून हळू सुकते. म्हणूनच हाताला कोरडा लागणारा कापूस मीटरवर ओला निघतो.

हवा तापवल्याने नेमकं काय होतं? 20 अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त 17 ग्रॅम वाफ धरते, 40 अंशांची सुमारे 51 ग्रॅम. तापलेली हवा जास्त तहानलेली असते, एवढंच. पण तीच हवा ढिगात कोंडून राहिली तर वाफेने भरते आणि सुकणं थांबतं. उन्हाइतकंच वारं खेळणंही गरजेचं आहे.

उलटही घडतं. रात्री हवा थंड आणि दमट झाली, दव पडलं की तोच धागा पाणी परत ओढून घेतो.

मग जास्त तापवून सुकवावं का? नाही. फार कोरडा धागा ठिसूळ होतो आणि जिनिंगमध्ये तुटतो. अमेरिकेत जिनिंगआधी गरम हवेने कापूस सुकवतात, पण तिथेही हवा 177 अंशांच्या वर नेऊ नये, अशी शिफारस आहे.

आता हिशेब बघा. 12 टक्के ओलाव्याचा एक क्विंटल कापूस 8 टक्क्यांवर आणला की वजन साडेपंच्याण्णव किलोच्या आसपास भरतं. म्हणजे कपात ही जवळपास पाण्याचीच किंमत असते. खरा फटका बसतो तो 12 च्या वर, कारण तेव्हा माल परत न्यावा लागतो, नाहीतर व्यापारी देईल त्या भावात द्यावा लागतो.

म्हणून दव उडाल्यावरच वेचणी करावी. कापूस ताडपत्रीवर पातळ पसरावा, दोन-तीनदा उलटावा आणि ऊन उतरायच्या आत गोळा करून झाकावा. गाद्या भरणारे आपले पिंजारी, नदाफ बांधव पिंजण्याआधी कापसाला ऊन देतात, त्यामागेही हेच आहे: ओला धागा गुठळ्या धरतो, सुका मोकळा होतो.