पुरेसे म्हणजे किती?

वार्धक्य आणि राज्यकारभार : लेखांक सहावा

कायद्याच्या भाषेत विशेषणाइतका बेभरवशाचा शब्दप्रकार दुसरा नसेल. नामाला जागेवर पकडता येते, क्रियापदाकडून जाब मागता येतो. परंतु ‘योग्य’, ‘वाजवी’, ‘पुरेसा’ ही मंडळी मसुद्यात अशी ऐसपैस बसतात की, ज्याला कायदा पाळावयाचा आहे त्याला आणि ज्याला टाळावयाचा आहे त्यालाही त्यांच्या आश्रयाने सारख्याच सुखाने नांदता यावे. अमेरिकेतील वृद्धांच्या शुश्रूषागृहांसंबंधी जो कायदा १९८७ साली झाला त्यात असाच एक शब्द आहे. गृहातील रहिवाशांच्या गरजा भागतील इतका ‘पुरेसा’ परिचारकवर्ग ठेवावा, असे तो कायदा सांगतो. या एका शब्दाच्या जागी आकडा बसावा म्हणून जिने आपल्या संशोधनकार्याचा फार मोठा भाग वेचला, त्या चार्लीन हॅरिंग्टन या परिचारिकेविषयी आज लिहावयाचे आहे.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. ‘नर्सिंग होम’ म्हटले की आपल्याकडे एखाद्या डॉक्टरांचा दहा-वीस खाटांचा खाजगी दवाखाना डोळ्यांपुढे येतो, आणि आपल्यापैकी अनेकांचा जन्मच तसल्या घरात झालेला असतो. अमेरिकेत त्याच नावाचे घर आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला उभे असते. ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही, घास तोंडापर्यंत नेता येत नाही, किंवा ज्यांची स्मृती दगा देऊ लागली आहे, अशी सुमारे बारा लाख माणसे तेथील सुमारे पंधरा हजार गृहांत राहतात. आणि त्यांतील जवळजवळ सत्तर टक्के गृहे नफ्यासाठी चालविलेली आहेत. गेल्या लेखांकात पाहिल्याप्रमाणे १९६५ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या कारकीर्दीत वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ आणि गरिबांसाठी ‘मेडिकेड’ या दोन सरकारी आरोग्ययोजना मंजूर झाल्या, त्यांचा पैसा वाहू लागला, आणि त्या पाण्यावर हा धंदा फोफावला.

हॅरिंग्टनबाईंचे शिक्षण प्रथम परिचर्येचे. पुढे बर्कले येथे त्यांनी समाजशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. परंतु माझ्या मते त्यांची खरी शाळा निराळीच होती. १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्निया राज्याच्या आरोग्य खात्यात गृहांना परवाने देणे, त्यांची तपासणी करणे आणि कसूर आढळल्यास दंड ठोठावणे, या कामाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. संशोधक होण्यापूर्वी अंमलदार होण्याचा हा योग दुर्मिळच. कारण अंमलदाराला एक गोष्ट कळलेली असते, जी केवळ ग्रंथालयात बसून कळत नाही : जे मोजता येत नाही त्याबद्दल दंड वसूल होत नाही. १९८० पासून त्या सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या परिचर्या विद्यालयात अध्यापन करू लागल्या, आणि ही अंमलदाराची दृष्टी त्यांनी तेथेही सोडली नाही.

१९८६ मध्ये राष्ट्रीय वैद्यक संस्थेच्या ज्या समितीने शुश्रूषागृहांच्या दुःस्थितीचा अहवाल सादर केला तिच्या त्या सदस्य होत्या, आणि त्या अहवालातूनच पुढल्या वर्षीचा कायदा जन्मास आला. त्या कायद्याचे उपकार लहान नव्हेत : रहिवाशाला सोयीखातर बांधून ठेवण्यास त्याने मज्जाव केला, प्रत्येकाच्या प्रकृतीची पद्धतशीर नोंद सक्तीची केली. मात्र मनुष्यबळाच्या कलमापाशी येताच त्याची लेखणी थबकली. रात्रंदिवस एक परवानाधारक परिचारिका, आणि तिच्याहून वरच्या दर्जाची नोंदणीकृत परिचारिका दिवसातून आठ तास, बाकीचे ‘पुरेसे’. रहिवासी साठ असोत की तीनशे, ते आठ तास आठच.

मग किती असावे? परिचर्येचा हिशेब डोक्यांवर करीत नाहीत, तासांवर करतात : चोवीस तासांत सर्व परिचारकांनी मिळून जितके तास काम केले त्याला रहिवाशांच्या संख्येने भागावयाचे. हॅरिंग्टनबाई आणि त्यांच्या सहकारी तज्ज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेली शिफारस दरडोई ४.५५ तासांची होती. पुढल्याच वर्षी केंद्र सरकारने स्वतः करविलेल्या विस्तृत अभ्यासातून ४.१ तास हा उंबरठा निघाला, ज्याच्या खाली गेल्यास रहिवाशाच्या प्रकृतीला अपाय होण्याचा धोका वाढतो. दशांशचिन्हाने आपले मन हलत नाही, म्हणून त्याची मिनिटे करून पाहू. एकूण २४६, त्यांत नोंदणीकृत परिचारिकेची ४५, तिच्या खालच्या दर्जाच्या परवानाधारक परिचारिकेची ३३, आणि उरलेली १६८ साहाय्यिकेची, म्हणजे आपण जिला मावशी म्हणतो तिची. या १६८ मिनिटांत एका म्हाताऱ्या माणसाला उठवावयाचे, तोंड धुवावयाचे, कपडे घालावयाचे, वेळोवेळी शौचास न्यावयाचे, ओली वस्त्रे बदलावयाची, दर दोन तासांनी कूस पालटावयाची म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत, थोडे चालवावयाचे, आणि तीन वेळा भरवावयाचे. हळूहळू चावणाऱ्या वृद्धाला एका जेवणालाच अर्धा-पाऊण तास लागतो, हे ज्याने घरी कुणाला भरविले आहे त्याला सांगावयास नको. तीस रहिवाशांच्या दालनाला हे गणित लावले तर दिवसाकाठी आठ तासांच्या साडेदहा पाळ्या होतात. म्हणजे सकाळी चार जणी, दुपारी चार जणी, आणि रात्री दोघी किंवा तिघी. इतका साधा हा हिशेब आहे, आणि तो मांडल्याला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

बाईंच्या कामाचा दुसरा भाग जमाखर्चाच्या वहीसारखा नीरस, आणि म्हणूनच मोलाचा. देशभरच्या तपासण्यांत गृहागृहाच्या ज्या त्रुटी नोंदविल्या जात, त्या सरकारी दप्तरातून उपसून त्यांनी वर्षानुवर्षे राज्यवार तक्ते प्रसिद्ध केले. याच जातीच्या नोंदींवरून, १९९८ च्या १३,६९३ गृहांच्या तपासणीचा आधार घेऊन, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखविले की, नफ्याच्या गृहांत सरासरी ५.८९ त्रुटी आढळतात, आणि हे प्रमाण बिननफ्याच्या गृहांपेक्षा ४६.५ टक्क्यांनी अधिक आहे. शिवाय परिचारकांचे तासही तेथे कमी. मालकवर्गाला हे रुचणे शक्यच नव्हते.

तथापि या वहीतही एक भोक होते. मनुष्यबळाचे आकडे गृहे स्वतःच भरून देत, आणि तेही केवळ तपासणीपूर्वीच्या दोन आठवड्यांचे. शाळेत इन्स्पेक्टर येणार म्हटल्यावर भिंतींना चुना कसा लागतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या दोन आठवड्यांचे मर्म वेगळे विशद करावे लागणार नाही. प्रत्यक्ष पगारपत्रकावरून रोजची हजेरी मागविण्याची तरतूद २०१० च्या कायद्यात झाली, आणि ती सक्तीने अंमलात यावयास २०१६ उजाडले.

२०२० च्या महामारीने हा वाद दालनांतून स्मशानापर्यंत नेला. कॅलिफोर्नियातील गृहांचा अभ्यास करून हॅरिंग्टनबाई आणि सहकाऱ्यांनी मांडले की, जेथे नोंदणीकृत परिचारिकेची ती ४५ मिनिटे पुरी भरत नव्हती, तेथे रहिवाशांत करोनाचा शिरकाव होण्याची शक्यता दुप्पट होती. त्यानंतर चक्रे फिरली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने प्रथमच आकड्यांचा नियम जारी केला : एकूण ३.४८ तास, त्यांत नोंदणीकृत परिचारिकेचे ०.५५ आणि साहाय्यिकेचे २.४५, शिवाय एक नोंदणीकृत परिचारिका चोवीस तास हजर. पूर्वीच्या ४५ मिनिटांची येथे ३३ झाली होती हे खरे. पण आकडा अखेर छापला गेला होता.

तो वर्षभरही टिकला नाही. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधील एका संघ-न्यायाधीशांनी तो रद्दबातल ठरविला. विधिमंडळाने आठ तास लिहिले असता खात्याने त्याचे चोवीस करणे अधिकाराबाहेरचे आहे, अशी त्यांची भूमिका. कायद्याच्या अक्षराला धरून ती चुकीची म्हणता येईलच असे नाही. १९८७ ला ज्यांनी लेखणी आखडती घेतली त्यांच्या हिशेबी हे अधिक मांडले पाहिजे. पाठोपाठ जुलै महिन्यात विधिमंडळानेच, २०३४ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत या नियमाची अंमलबजावणी होऊ नये, असे ठरविले. तेव्हा आज केंद्रीय कायद्यात उरले आहेत ते तेच आठ तास, आणि तेच ‘पुरेसे’.

गृहचालकांचे म्हणणे असे की, माणसे मिळत नाहीत आणि सरकारी दर परवडत नाहीत. पहिल्या तक्रारीत तथ्य आहे. दुसरीची मात्र झडती घेतली पाहिजे. कारण गृह एका कंपनीचे, जागा तिच्या भगिनी-कंपनीची आणि भाडे त्या भगिनीने ठरविलेले, असा प्रकार तेथे सर्रास चालतो, आणि हॅरिंग्टनबाईंनी उतारवयात आपले भिंग याच खात्यांवर रोखले. तो हिशेब पुढील लेखांकात.