'रशियन सॅलड' नेमके कुणाचे?

यवतमाळ, (प्रतिनिधी) – लग्नसराईत मंगल कार्यालयातील बुफेमध्ये काकडी-टोमॅटोच्या चकत्यांशेजारी घट्ट, पांढऱ्या मिश्रणाचे एक भांडे मांडलेले असते. उकडलेल्या आलूच्या फोडी, गाजर, फरसबी, मटार आणि हौस असल्यास अननस. पाटीवर 'रशियन सॅलड' असे लिहिलेले. रांगेतील वडीलधाऱ्यांना रशियाचे काही देणेघेणे नसते. 'यात अंडे तर नाही ना?' एवढेच ते विचारतात, आणि ते रास्तच आहे. त्यातील मेयोनीज मुळात अंड्याचा बलक व तेल घुसळून करतात. आपल्याकडे बिनअंड्याचे मेयोनीज सर्रास वापरले जात असले, तरी विचारून घेतलेले बरे.

या पदार्थाचे जनकत्व सहसा ल्युसिएँ ऑलिव्हिए या आचाऱ्याला दिले जाते. १८६० च्या दशकात मॉस्कोतील 'हर्मिटेज' या उपाहारगृहात त्याने हे सॅलड लोकप्रिय केले. त्यात रानपक्ष्यांचे मांस होते, खेकड्याच्या जातीचे जलचर होते. आलू जेमतेम तोंडी लावण्यापुरता. रश्श्याची कृती त्याने कुणाला सांगितली नाही. १८८३ मध्ये तो वारला आणि पुढे छापल्या गेलेल्या सर्व कृती अंदाजावर बेतलेल्या ठरल्या. सोव्हिएत काळात महागडे जिन्नस गेले. उकडलेले सॉसेज, गाजर आणि डब्यातील मटार आले. आज जगभर खाल्ले जाते ते हेच काटकसरीचे रूप.

परंतु ऑलिव्हिएचा दावाही निर्विवाद नाही. चार्ल्स फ्रँकाटेली या इंग्लंडमधील आचाऱ्याच्या १८४० च्या दशकातील पाककृतीच्या ग्रंथात 'रशियन सॅलड' हे नाव आधीच आढळते. नावांचा गोंधळ तर विचारूच नये. रशियात हे 'ऑलिव्हिए', स्पेनमध्ये 'रशियन', हंगेरीत 'फ्रेंच', डेन्मार्कमध्ये याच धर्तीचे सॅलड 'इटालियन'. प्रत्येकाने ते दुसऱ्याच्याच खात्यावर टाकलेले दिसते.

आपल्याकडील दह्यातली आलूची कोशिंबीर पाहून हे मूळचे आपलेच, असे म्हणण्याचा मोह होतो. पण उकडलेला आलू आंबटसर, दाट पदार्थात कालवणे कुणालाही सुचावे असे आहे. तेवढ्यावरून नाते जुळत नाही. शिवाय आलू स्वतःच उपरा. तो दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि कोकणात, पुण्यात त्यांचाच 'बटाटा' हा शब्द रुजला. विदर्भाने मात्र उत्तरेचा 'आलू' जवळ केला.

आपल्या या कोशिंबिरीला जिरे-मिरचीची फोडणी असते, दाण्याचे कूट असते आणि ती उपवासालाही चालते. त्यात गाजर-मटार घालून तिचे रशियन सॅलड करायला गेल्यास अनेक घरांत उपवास मोडेल.