पायातला बूट आणि पायाखालचा कातळ

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही चारजण राजगडाच्या चोर दरवाजाच्या वाटेने उतरत होतो. पाऊस लागलेला, वाट निसरडी. अचानक माझ्या उजव्या पायाखाली काहीतरी सरकले. खाली पाहतो तो बुटाचे सोल टाचेकडून सुटून लोंबत होते. सुदैवाने हाताशी रेलिंग होते. मित्राने पिशवीतली सुतळी काढून सोल बांधले आणि पुढचे दोन तास मी लंगडत उतरलो.

खरी गंमत पुढे आहे. बूट चांगले महागाचे होते. सात वर्षांपूर्वी घेतलेले, पण जेमतेम पाच-सहा वेळा वापरलेले. सोलची नक्षी नव्यासारखी होती. एरवी ते खोक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात जपून ठेवलेले असत. मग जी वस्तू झिजलीच नाही, ती मोडली कशी?

न वापरता मोडणारा बूट

अनेक बुटांमध्ये जमिनीला टेकणारे रबर आणि वरचा भाग यांच्यामध्ये फेसासारख्या पदार्थाचा एक मऊ थर असतो. पावलाला बसणारे धक्के तो शोषून घेतो. हा थर बऱ्याचदा पॉलियुरेथेन या बहुवारिकाचा असतो. त्याच्या एका प्रकारात रेणूंच्या लांब साखळ्या एस्टर बंधांनी जोडलेल्या असतात. हवेतील बाष्प या थरात शिरते आणि पाण्याचे रेणू ते बंध एकेक करून तोडतात. या क्रियेला जलापघटन म्हणतात. बंध तुटला की आम्ल तयार होते आणि ते आम्ल पुढचे बंध तुटण्यास मदत करते. म्हणजे क्रिया स्वतःच स्वतःचा वेग वाढवते. उष्णता आणि दमट हवा यांनी तो आणखी वाढतो.

आता माझी चूक तुमच्या ध्यानात आली असेल. ओलसर बूट मी प्लॅस्टिकमध्ये बंद करत होतो, म्हणजे जलापघटनाला लागणारे पाणी जपून ठेवत होतो! वर्षातले चार महिने दमट हवा असलेल्या आपल्या प्रदेशात असा थर काही वर्षांतच भुसभुशीत होऊ शकतो, मग बूट वापरा अथवा वापरू नका.

उपाय सोपे आहेत. बूट सावलीत पूर्ण वाळवून मोकळ्या हवेत ठेवावेत. खरेदीची तारीख बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवावी. सहलीच्या आठवडाभर आधी मधला थर अंगठ्याने जोरात दाबून पाहावा. भेगा दिसल्या, चुरा पडला किंवा थर चिकट लागला, तर तो बूट गडावर नेऊ नये. काही बुटांत हा थर ईव्हीए नावाच्या दुसऱ्या फेसाचा असतो. तो बाष्पाने असा विरत नाही, पण दबून दबून चपटा होतो.

घसरतो तो बूट की कातळ?

सह्याद्री मुख्यतः बेसाल्टचा बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे हे थर. कोरड्या बेसाल्टवर रबर उत्तम धरते. कारण रबर कातळाच्या सूक्ष्म खड्ड्यांत दाबले जाते व त्याला चिकटते. पावसात या दोहोंमध्ये पाण्याचा पातळ पडदा येतो आणि चिकटणे जवळजवळ संपते. उरते ते कातळाच्या खडबडीतपणावर रबर दाबले जाऊन निर्माण होणारे घर्षण. कातळावर शेवाळ असेल तर खडबडीतपणाही झाकला जातो. तेथे कोणत्याही किमतीचा बूट भरवशाचा नाही.

सोलच्या खोल खाचा चिखलात व घसाऱ्यावर उपयोगी पडतात. त्यांच्या कडा मातीत रुततात आणि चिखल बाजूला सारतात. गुळगुळीत ओल्या कातळावर मात्र खाचांपेक्षा रबराचा मऊपणा महत्त्वाचा ठरतो. पण मऊ रबर लवकर झिजते. पकड आणि टिकाऊपणा यांत अशी ओढाताण असते, आणि एकच बूट दोन्हीत पहिला येत नाही.

खाचांच्या रबरी सोलला एक दुःखद इतिहास आहे. पूर्वी गिर्यारोहक चामडी बुटांना खालून लोखंडी खिळे ठोकत आणि अवघड कड्यावर हलके, पातळ जोडे घालत. 1935 साली इटालियन आल्प्समध्ये वादळात सापडून सहा गिर्यारोहक मरण पावले. कड्यासाठी घातलेले हलके जोडे त्या थंडीत निरुपयोगी ठरले होते. त्यांचे सहकारी विताले ब्रामानी यांनी त्यानंतर कातळ आणि बर्फ दोन्हीवर चालेल असे खाचांचे रबरी सोल तयार केले आणि 1937 मध्ये त्याचे पेटंट घेतले. आज जगभर दिसणारी नक्षी त्याच घराण्यातली आहे.

पाणी आत येणारच

दुकानदार 'वॉटरप्रूफ' बूट आग्रहाने दाखवतो. हिमालयातील बर्फात त्याचा उपयोग आहे. पण आपल्या पावसात पाणी पँटवरून ओघळत, ओढा ओलांडताना वरूनच आत शिरते. मग जो पडदा पाणी आत येऊ देत नाही, तोच ते बाहेरही जाऊ देत नाही! म्हणूनच 1960 च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या जंगल बुटांना तळव्याच्या बाजूला पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे ठेवली होती. आपल्याकडे ट्रेकर मंडळींच्या पिढ्यांनी हिरव्या कापडाचे स्वस्त 'हंटर शूज' वापरले, त्यातही हेच शहाणपण होते. उलट सियाचीनसारख्या ठिकाणी जवानाला अनेक थरांचे, ऊब धरणारे बूट लागतात. बूट 'चांगला' की वाईट हे ठरवण्याआधी, कोठे वापरायचा हे विचारले पाहिजे.

ओल्या त्वचेचा वरचा थर मऊ पडतो आणि तिचे मोज्याशी घर्षण वाढते. त्वचा मोज्याबरोबर ओढली जाते, आतले हाड मात्र पुढेमागे सरकत राहते. मधले थर ताणले जाऊन फाटतात, तेथे द्रव भरतो आणि फोड येतो. सुती मोजे पाणी धरून ठेवतात, म्हणून लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे बरे. शिवाय कोरडा जास्तीचा जोड पिशवीत असावाच.

खरेदी करताना

दिवसभरात पाय थोडा सुजतो, म्हणून बूट संध्याकाळी घ्यावा आणि गडावर वापरायचे तेच मोजे घालून पाहावा. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात, तेव्हा मोठ्या पायाचे माप धरावे. आपल्याकडे चालणाऱ्या इंग्रजी मापात एका नंबराचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे साडेआठ मिलिमीटर असतो. उतरताना पाऊल पुढे सरकते, म्हणून बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. टाच मात्र उचलली जाता कामा नये.

वजनाचाही विचार करावा. पायातले वजन प्रत्येक पावलाला उचलावे लागते. पायातील एक किलो पाठीवरच्या साधारण चार ते सहा किलोंइतकी ऊर्जा खाते, असे सैनिकांसाठी झालेल्या अभ्यासांतून दिसले आहे. जोडीमागे सहाशे ग्रॅम वाढले, तर पाठीवर अडीच ते साडेतीन किलो चढवल्यासारखे झाले.

वर्गात करून पाहा

शहाबादी फरशीचा एक लहान तुकडा, कोनमापक आणि वाळूची एक किलोची पिशवी घ्या. मुलांच्या पायातले वेगवेगळे जोडे एकेक करून फरशीवर ठेवा, प्रत्येकात पिशवी ठेवा आणि फरशी हळूहळू तिरपी करा. जोडा ज्या कोनाला सरकू लागेल त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे स्थितिक घर्षण गुणांक. कोन 35 अंश आला तर गुणांक 0.70, आणि 20 अंश आला तर 0.36. फरशी ओली करून, नंतर साबणाचे पाणी लावून प्रयोग पुन्हा करा. साबण शेवाळाचे काम करील! किमतीचा क्रम आणि गुणांकाचा क्रम जुळतो का, हे मुलांनाच तपासू द्या.

हा प्रयोग सुचण्यास एक कारण घडले. एका शाळेने पावसाळी सहलीच्या सूचनापत्रात 'ट्रेकिंग शूज आवश्यक' असे छापले. एक मुलगी 'बरे नाही' म्हणून आली नाही. खरे कारण बाईंना नंतर कळले. ती रोज पी.टी.चे कापडी बूट घालून शाळेत येत असे. त्यांचे सोल शाबूत, रबरी आणि खाचांचे होते. त्या सोप्या वाटेला ते पुरेसे होते.

सूचनापत्रात बुटाच्या प्रकाराऐवजी तपासणी लिहिली असती तर? सोल घट्ट आहे का, खाचा शिल्लक आहेत का, नाडी नीट बांधता येते का. हे तीन प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. माझ्या महागड्या बुटांना मात्र त्यातल्या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर देता आले नसते.